मोदकभंग निर्देशांक

पाठीचा कणा हा परमेश्वराने माणसाला दिलेला पहिला शॉकअ‍ॅब्सॉर्बर होय, आणि त्याची मुदत संपत आली की मगच माणसाला चांगली गाडी परवडू लागते. हे सत्य सर्व धर्मग्रंथांना मान्य असावे. निदान कोणी नाकारल्याचे माझ्या वाचनात नाही.

कात्रजच्या पुढे आमची 'सुखनिवास, फेज दोन' ही सोसायटी आहे (फेज एक बांधायचा राहून गेला). सात विंगा, एक औदुंबर, आणि आता चौदा विजेवरच्या गाड्या. त्यांतली सर्वांत नवी माझ्या भाच्याची, इंद्रजीतची. इंद्रजीत म्हणजे माझ्या नणंदेचा, विमलाबाईंचा मुलगा. तो आयटीत नेमके काय करतो हे त्याला सांगता येत नाही, पण गाडीबद्दल विचाराल ते सांगतो. गाडी उत्तमच आहे. धूर नाही, आवाज नाही. पोटाखाली पावणेपाचशे किलोची बॅटरी निजलेली असते, आणि एवढे वजन पेलायचे म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या असतात. बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे. आत बसणाऱ्याला नाही. त्यामुळे दणका कोणी सोसायचा, या प्रश्नाचा निकाल कंपनीने आधीच न्याय्यपणे लावून ठेवला आहे.

(तोंडाने कोणाला उणे बोलायचे नाही, असा माझा रोजचा नेम आहे. लिहिण्याविषयी गुरुजींनी काही सांगितलेले नाही.)

विमलाबाईंचे वय त्र्याहत्तर. त्यांची सून पूर्णिमा डेंग्यूतून वाचली, तेव्हा त्यांनी एकवीस संकष्ट्यांचे व्रत घेतले. दर संकष्टीला सकाळी कसबा पेठेत जायचे, गणपतीपुढे स्वतः उभे राहायचे आणि एकवीस उकडीच्या मोदकांचा नैवेद्य दाखवायचा. खंड पडला की पुन्हा एकपासून. सतरा संकष्ट्या निर्विघ्न झाल्या. अठरावीच्या आठ दिवस आधी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि पाठीचा एक मणका दबला. डॉक्टर म्हणाले, मणका भरून येईल, फक्त हादरा नको. गुरुजींनी आजारपणात सूट असते असे सांगून पाहिले.

"सूट तुम्ही देताय गुरुजी, की तो?" विमलाबाईंनी विचारले.

गुरुजींनी चहा संपवला.

इंद्रजीत म्हणाला, "आई, रिक्षाबिक्षा काही नको. आपली गाडी आहे की!" हे तो प्रेमाने म्हणाला होता, याची नोंद घेतलेली बरी.

अठराव्या संकष्टीला गाडी कंपनीने दिली तशीच नेली. मोदक मी केले होते; डबा विमलाबाईंच्या मांडीवर होता. कसब्यात पोचून झाकण काढले तर एकवीसपैकी नऊ मोदक फुटलेले. विमलाबाईंनी उरलेल्या बारांचा नैवेद्य दाखवला, देवाची क्षमा मागितली आणि घरी येऊन तीन दिवस आडव्या राहिल्या.

इथून पुढे शास्त्रीय पद्धतीने काम सुरू झाले. इंद्रजीतने आमोद नावाचा एक तज्ज्ञ आणला. गाड्या मऊ करणे हा त्याचा व्यवसाय आहे. (पूर्वी तो त्या कडक करीत असे, मग गिऱ्हाइकांची वये वाढली.) त्याने गाडीत मोबाईल ठेवून धक्के मोजले आणि दशांश चिन्हानंतर चार आकडे असलेली एक संख्या काढली. ती चांगली की वाईट, हे त्याला सांगता येईना. तेव्हा मी सुचवले की मोदकच मोजावेत. मोदक मांडीवर असतो, म्हणजे मणक्याचा शेजारीच. आमोदने ते लगेच लिहून घेतले आणि त्याला मोदकभंग निर्देशांक असे नाव दिले. "काकू, धिस इज जीनियस," तो म्हणाला. आयुष्यभर मोदक वळले, पण हा शब्द माझ्या वाट्याला ते फुटल्यावर आला.

पहिला उपाय, टायरमधली हवा कमी करणे. गाडी जरा मऊ झाली, मात्र एका चार्जिंगमध्ये पूर्वीपेक्षा आठ किलोमीटर कमी जाऊ लागली. या आठ किलोमीटरांचे सुतक इंद्रजीतने दोन दिवस पाळले.

"मामी, फुल चार्जला आठ किलोमीटर जातात!"

"कुठे जातात रे?" मी विचारले. त्याला माझ्याकडून सांत्वनाची अपेक्षा होती.

दुसरा उपाय चाके बदलण्याचा. गाडीला मोठी चाके आणि त्यांवर पातळ टायर होते. त्याने गाडी रुबाबदार दिसते असे बाहेरून पाहणाऱ्यांचे मत आहे. आतल्यांना ती दिसत नाही. इंद्रजीतने छोटी चाके व जाड टायर बसवले आणि महिनाभर गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली. गाडी हळू चालवणे हाही उपाय झाला. हळू गेल्यावर दणका तोच बसतो, फक्त त्याची वाट पाहायला वेळ जास्त मिळतो. एकोणिसाव्या संकष्टीला निर्देशांक आठ.

मग परदेशातून शॉकअ‍ॅब्सॉर्बर आले. त्यांना फिरवायला बत्तीस पायऱ्या. एकवर गाडी होडीसारखी, बत्तीसवर बैलगाडीसारखी, आणि मधल्या तीस पायऱ्यांवर गाडीसारखी चालते, असे आमोदने पुस्तिकेत वाचून सांगितले. शिवाय त्याने एक गुपित फोडले. कडक स्प्रिंगांची गाडी रिकामी असली की आपटते, भरली की बसते. म्हणून तिच्यात वजन ठेवावे. पोती ठेवली असती, पण पोत्यांना दर्शनाचा लाभ मिळत नाही. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन करण्यात आले: किमान वजन नव्वद किलो, उपवास नसल्यास प्राधान्य. अकरा अर्ज आले. दुसऱ्याच्या गाडीतून फुकट जायचे असले की वजन लपवण्याची वृत्ती आमच्यात राहत नाही. त्यांतून रविराज आणि साईनाथ यांची निवड झाली.

विसाव्या संकष्टीला निर्देशांक सात. (आठवा मोदक फुटला नव्हता, रविराज यांनी खाल्ला होता. तो हिशेबात धरलेला नाही.) प्रगती स्पष्ट होती. नऊ, आठ, सात. या वेगाने गाडी आणखी सात महिन्यांत निर्दोष झाली असती.

विमलाबाई मात्र आठवडाभर उठल्या नाहीत. पुन्हा फोटो काढला तर मणका आणखी थोडा बसलेला. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, म्हणून आम्ही घाबरलो. ते म्हणाले, "आता गाडीतून एकही दणका नको. सपाट रस्त्यावर हरकत नाही. सावकाश चालल्या तरी चालेल. पुन्हा दबला, तर या वयात ऑपरेशनला मी हात लावणार नाही."

एकच संकष्टी उरली होती.

आता मला एक गोष्ट सांगणे भाग पडले. विसाव्या खेपेला मी मागच्या सीटवर, रविराज यांच्या सावलीत, डब्याचे झाकण उघडे ठेवून बसले होते. सातही मोदक सोसायटीच्या फाटकाच्या आतच फुटले होते. फाटकापासून कसब्यापर्यंत, ज्या रस्त्यांना आपण रोज उठून शिव्या देतो त्या रस्त्यांवर, एकही फुटला नाही.

आमच्या जी विंगपासून फाटकापर्यंत चारशे मीटर अंतर आहे आणि त्यात अकरा गतिरोधक आहेत. विजेच्या गाड्या आवाज न करता अंगावर येतात, म्हणून पहिला आला तो ए विंगसमोर. तिथल्या ऋतुजाचा मुलगा सायकलवरून पडता पडता वाचला होता. (तो कुत्र्यामुळे पडणार होता, पण कुत्र्यांसाठी गतिरोधकाची तरतूद नाही.) मग ए विंगला आहे तर आम्ही काय पाप केले, या तत्त्वावर उरलेल्या सहा विंगांना एकेक मिळाला. दोन क्लबहाऊससमोर आहेत, एक जाणाऱ्यांसाठी व एक येणाऱ्यांसाठी. रस्ता एकच असल्याने दोन्ही दोघांनाही लागतात. एक पार्किंगपाशी आहे, कारण ठेकेदाराचे डांबर उरले होते. आणि एक औदुंबराच्या पारासमोर.

विशेष सभा बोलावण्यात आली, विमलाबाईंना येता यावे म्हणून जी विंगखालीच. अध्यक्षस्थानी उत्तरेश्वरअण्णा होते. सोसायटीची जमीन मूळची त्यांची, त्यामुळे अध्यक्षपदही जमिनीबरोबरच आलेले.

"हितं आमचं शेत व्हतं तवा नांगरटीतनं बैलगाडी जायची," अण्णा म्हणाले. "कुणाचा मणका गेला न्हाई. आता डांबर हाय, इलेक्ट्रिक हाय, आन् माणसं आडवी हायेत. बोला."

सर्वांनी विमलाबाईंबद्दल फार चांगले उद्गार काढले. गतिरोधक काढलेच पाहिजेत, याविषयी दुमत नव्हते. आमच्याकडे एक चांगली प्रथा आहे: ज्याने गतिरोधक मागितला, त्याच्या संमतीवाचून तो काढायचा नाही. कोणाचे मन दुखवू नये, एवढाच हेतू. तेव्हा एकेकाला विचारण्यात आले.

"विमलाकाकूंसाठी आपण काहीही करू," ऋतुजा म्हणाली. "बाकीचे दहा आजच्या आज काढा ना!"

बी विंगने सांगितले की ए विंगचा राहणार असेल तर प्रश्न तत्त्वाचा आहे. सी विंगमध्ये ज्येष्ठ नागरिक राहतात (विमलाबाई ज्येष्ठ आहेत, पण जी विंगमधल्या). क्लबहाऊसवाले म्हणाले, जोडीतला एकच काढला तर उरलेला विचित्र दिसेल. पार्किंगपाशी जो होता तो कोणाचाच नसल्यामुळे संमती कोण देणार, हे ठरेना.

जी विंगचा गतिरोधक इंद्रजीतने मागितला होता. तो उठला, आईकडे न पाहता म्हणाला, "आमचा काढायला माझी काहीच हरकत नाही. फक्त ते डिलिव्हरीवाले फार जोरात येतात हो. त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा."

शेवटी औदुंबराच्या पारासमोरचा. तो मी मागितला होता. पाराशी दत्ताच्या पादुका आहेत. समोरून गाड्या भुर्रकन निघून जात, कोणी नमस्कार करीत नसे. गतिरोधक केल्यापासून प्रत्येक गाडी थबकते आणि आतल्याची मान आपोआप लवते. तीन वर्षांत आमच्या सोसायटीत श्रद्धा किती वाढली ते पाहण्यासारखे आहे.

"देवाच्या दारातला तेवढा राहू दे," मी हळूच म्हटले. कोणी हरकत घेतली नाही. धार्मिक बाब होती.

ठराव एकमताने मंजूर झाला. श्रीमती विमलाबाई यांच्या मणक्याबद्दल ही सभा सहानुभूती व्यक्त करीत आहे. सोसायटीत रुग्ण असल्याने वाहने सावकाश चालवावीत असा फलक फाटकाशी लावण्यात यावा. आणि फलक वाचण्यापुरती वाहने थांबावीत, म्हणून फलकापुढे एक गतिरोधक करण्यात यावा.

त्याचे डांबर तीन दिवसांत पडले. चांगल्या कामाला आमच्याकडे वेळ लागत नाही.

एकविसावी संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी. असा योग येण्यासाठी लोक वर्ष वर्ष थांबतात. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलीच होती, तेव्हा विमलाबाईंनी ठरवले की फाटकापर्यंत वॉकर घेऊन चालत जायचे आणि बाहेर सपाट रस्त्यावर गाडीत बसायचे. पहाटे त्यांनी स्नान केले, कमरेला पट्टा बांधला, हिरवे लुगडे नेसल्या. मी डबा घेऊन शेजारून चालले. मागून गाडी, बत्तीसपैकी तिसऱ्या पायरीवर, तिच्यात रविराज आणि साईनाथ. (आता त्यांची गरज नव्हती, पण त्यांना तसे कोण सांगणार?) बाल्कन्यांतून लोक हात जोडत होते. सगळ्यांना गहिवरून आले होते.

वॉकरला उडी मारता येत नाही. गतिरोधक आला की तो दोन्ही हातांनी उचलायचा, उंचवट्यावर ठेवायचा, स्वतः चढायचे, पुन्हा उचलायचा, पलीकडे ठेवायचा आणि उतरायचे. इंद्रजीत उतरून मदतीला आला, तर म्हणाल्या, "तू गाडीकडे बघ. ती एकटी आहे." सात विंगांपैकी चार झाल्या. पार्किंग झाले. क्लबहाऊसची जोडी झाली. सहज होईल असे वाटू लागले होते.

आठवा पारासमोरचा. तो इतरांपेक्षा दोन बोटे उंच आहे, मान नीट लवावी म्हणून. विमलाबाई त्याच्यापाशी थांबल्या, दम खाल्ला आणि त्याच्याकडे पाहिले.

"हा तुमचा ना, वहिनी?"

"हो."

"छान उंच केलाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारायचा असता तर मला कळला असता, तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी वॉकर उचलला, वर ठेवला, पाऊल चढवले आणि एवढेच म्हणाल्या, "आई गं." मी आणि इंद्रजीतने त्यांना धरून पारावर टेकवले. चेहरा पांढरा पडला होता. पुढे फाटक दिसत होते. आणखी चार गतिरोधक होते.

इंद्रजीत म्हणाला, "आई, इथेच दाखव नैवेद्य. देव काय, सगळीकडे सारखाच."

"देव सारखा असेल रे, पण बोलले होते ते तिथलं." त्यांनी कसब्याच्या दिशेने हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग मला म्हणाल्या, "वीसच झाल्या हो वहिनी. आता पुन्हा एकपासून."

त्या सध्या झोपून असतात. डॉक्टरांनी तीन महिने बसायचेही नाही म्हणून सांगितले आहे, आणि त्यापुढचे काही सांगितलेले नाही. आमोद गाडी पाहायला येतो आणि अजून बऱ्याच पायऱ्या शिल्लक आहेत असा धीर देतो.

पारासमोरचा गतिरोधक अजून तिथेच आहे, हे वाचून आपल्याला माझा राग आला असेल. येणे योग्यच आहे. मी तो काढायला तयार आहे, तसे अण्णांना लेखी कळवलेही आहे. त्यात एकच अट घातली आहे, की आधी आपण आपला काढावा. कोणता, असे विचारू नका. संध्याकाळी घरी येताना जिथे आपली गाडी सवयीने हळू होते, आणि पाठोपाठ येणारी दुसऱ्याची आपटलेली ऐकून आपल्याला किंचित बरे वाटते, तोच.