पाना द्या, नवरदेव न्या

सुसानाच्या लग्नाला एक दिवस उरला होता. विसरवाडीच्या चर्चमध्ये इसहाक मास्तर पायपेटीवर गीत घोटत होते आणि त्यांची बहीण सुसाना दारापासून वेदीपर्यंत हळू चालण्याचा सराव करत होती. ती अर्ध्यावर पोचली आणि मास्तरांच्या डाव्या पायाखालचं पायडल धप्पकन खाली बसलं. पेटीतून दमलेल्या म्हशीसारखा एक लांब सुस्कारा निघाला आणि सगळं शांत झालं.

"दादा, उद्याही असंच वाजवणार?" सुसाना जागच्या जागी थांबून म्हणाली.

मुलाकडचे नवापूरचे. सुपारीच्या वेळी नवरदेवाचा मामा मिशीला पीळ देत म्हणाला होता, "तुमच्या डोंगरात काय, ढोल असेल!" त्यावर मास्तर छाती काढून म्हणाले होते, "आमच्याकडे विलायती पेटी आहे. ऐकायला या."

ते पेटीखाली आडवे झाले. पायडलचा दांडा पेटीच्या पोटात जिथं शिरत होता, तिथला नट ढिला झाला होता. एवढंच! मास्तर घरी गेले आणि चुलीजवळची सांडशी घेऊन आले. सांडशीनं नट धरला, जोर लावला, सांडशी सटकली. पुन्हा धरला, पुन्हा सटकली. एवढ्या खटाटोपात नट घट्ट झाला नाही, पण त्याचे कोपरे मात्र चिंचोक्यासारखे गुळगुळीत झाले.

"माझी सांडशी कुठंय?" धनीबाई, म्हणजे मास्तरांची बायको, दारात उभी राहिली. "दूध उतू गेलं तिकडे! आणि तुम्ही पेटीला चिमटे काढताय?"

"पाना पाहिजे," मास्तर खालूनच म्हणाले.

"मग पाना आणा. सांडशी द्या."

पाने मिळायचे ते एकाच माणसाकडे. धुळ्याकडून नवापूरला जाणारी सर्व्हिस मोटार विसरवाडीच्या चहाच्या दुकानापाशी थांबायची. तिच्या ड्रायव्हरकडे, फत्तेसिंगकडे, पान्यांचं अख्खं बोचकं होतं आणि तो ते तान्ह्या लेकरासारखं जपायचा.

"कोणता नंबर पाहिजे?" फत्तेसिंगनं विचारलं.

मास्तरांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं. "एवढा." मग थोडं कमी केलं. "नाही, एवढा."

"मास्तर, ही पोरांची पाटी नाय. बोटानं नट मापतो कोण?" फत्तेसिंग हसला. पण बहिणीचं लग्न ऐकून विरघळला. "ने सगळे. लावून बघ. पण नवापूरहून मी परत येईन, तेव्हा बोचकं इथं पाहिजे. पान्याशिवाय मोटार म्हणजे नुसता पत्र्याचा डबा."

चर्चमध्ये पोचतात तो छगन पाटील हजर. छगन मास्तरांचा जुना स्नेही, तापीकाठचा शेतकरी. लग्नासाठी गाडीभर केळी घेऊन तो आदल्या दिवशीच आला होता. त्याच्या मळ्यात ऑइल इंजिन होतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्रावर आपलाच हक्क आहे असं तो समजायचा.

"सरक, सरक. माले दखू दे," म्हणत तो पेटीखाली शिरला.

मास्तर एकेक पाना देत गेले. पहिला बसेचना. दुसरा नटाभोवती गरागरा फिरला. तिसरा बसल्यासारखा वाटला, पण गुळगुळीत कोपऱ्यांवरून घसरला आणि छगनची बोटं दांड्यावर आपटली. त्यानं जे शब्द काढले, ते चर्चमध्ये काढण्यासारखे नव्हते.

"हाऊ मोठा पडस, तो ल्हाना पडस. बीचना पाहिजे!" छगन म्हणाला.

"मधला नाहीच आहे."

"मंग मोठाच घेऊत. पत्रानी चिप घाल मझार आनि ठोक. मन्हा इंजिनले मी असंच करस!"

घासलेटच्या डब्याचा पत्रा कापला, पाना आणि नट यांच्यामधल्या फटीत सारला आणि दगडानं ठोकला. पाना पक्का बसला. छगननं ताकद लावून पिळला. नट आवळला. पायडल टुणकन वर आलं. मास्तरांनी दोन ओळी वाजवल्या, सुसानानं टाळ्या पिटल्या.

"आता काढ पाना," मास्तर म्हणाले.

पाना निघेना. छगननं ओढला, मास्तरांनी छगनला ओढलं. दगडानं उलटीकडून ठोकला. पाना नटाला असा चिकटला होता की जणू विलायतेहून पेटीबरोबरच आला असावा.

"ऱ्हाऊ दे," छगन घाम पुसत म्हणाला. "पेटी वाजी ऱ्हायनी ना? मंग?"

पेटी वाजत होती हे खरं. फक्त दर दाबाला लोंबणारा पाना लाकडावर टक करायचा. छगनच्या मते त्यामुळे ताल आयताच मिळत होता.

मोटारीची वेळ होत आली होती. मास्तरांनी उरलेले पाने बोचक्यात घातले, वरून नेहमीपेक्षा जास्त घट्ट गाठ मारली आणि फत्तेसिंगच्या हाती दिले. एक कमी आहे हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण तोंडातून "देव तुझं भलं करो" एवढंच बाहेर पडलं. लग्न झालं की सांगू, असं त्यांनी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी चर्च माणसांनी भरलं. सुसाना पांढरं लुगडं नेसून बसली. पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे राहिले, मग मिटून बसले. नवरदेव येईना. ऊन तापलं, तेव्हा धुळीनं माखलेला एक माणूस रस्त्यानं धापा टाकत आला. नवरदेवाचा मामा होता. मिशीचा पीळ पार सुटला होता.

"मोटार बंद पडलीये, इथून कोसभरावर. पेट्रोलची नळी तुंबलीय. नळीच्या नटाचा पाना बोचक्यात नाही! ड्रायव्हर म्हणतो, मास्तरनं ठेवून घेतला."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छगनकडे पाहिलं. छगननं छताकडे पाहिलं.

"मग नवरदेवाला चालत का नाही आणलं?" धनीबाईनं विचारलं.

"सोडत नाही ना तो! नवरदेवाच्या पेटाऱ्यावर बसलाय. म्हणतो, पाना द्या, नवरदेव न्या. बाकीचे उतारूही त्याच्याच बाजूनं आहेत."

पुन्हा एकदा सगळ्यांनी पाना ओढून पाहिला. मामानंही ओढला. शेवटी छगन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पाना निंघत नही ना? चाल मंग, पेटीच गाडीवर लई जाऊत!"

आणि तशी ती निघाली. छगनच्या बैलगाडीत केळीच्या घडांशेजारी पानांवर विलायती पायपेटी, तिला धरून मास्तर, मागून पाळकसाहेब. गाडी थोडी पुढे गेली तेवढ्यात सुसाना उठली. "माझंच लग्न आणि मीच एकटी इथं बसू?" म्हणत तिनं लुगडं सावरलं आणि चालू लागली. मग चर्च रिकामं व्हायला वेळ लागला नाही.

आंब्याच्या सावलीत मोटार उभी होती. पेटाऱ्यावर फत्तेसिंग, शेजारी जमिनीवर नवरदेव दानियेल. अंगात कोट, चेहऱ्यावर कैद्याची कळा. गाडी पाहून फत्तेसिंग उठला.

"पाना मागितला होता. बाजा नाय!"

"पाना आतच आहे," मास्तर हळूच म्हणाले.

फत्तेसिंगनं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "पत्र्याची चिप! कुठल्या गाढवानं घातली?"

छगन बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

फत्तेसिंगनं मोटारीचं हँडल आणलं, नेमक्या जागी एकच ठोका दिला. पाना निखळून पडला. त्याच्या पाठोपाठ झिजलेला नट फुटून पडला आणि पायडल धप्पकन बसलं. फत्तेसिंगनं नळी उघडली, फुंकली, पुन्हा बसवली, हँडल फिरवलं. मोटार खोकत खोकत चालू झाली. उतारूंनी जयजयकार केला आणि आपापल्या जागा पकडल्या.

मास्तर मात्र मेलेल्या पेटीसमोर तसेच उभे होते. परत चर्चपर्यंत जायचं, आणि तिथंही गप्प पेटी. मामाचा हात पुन्हा मिशीकडे गेला, हे तर सगळ्यात वाईट होतं. सुसानानं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पाळकसाहेब, इथंच लावा लग्न," ती म्हणाली. "दादा, तू वाजव. दांडा कुणीतरी हातानं धरेल की."

"कोण धरेल?" मास्तर म्हणाले.

फत्तेसिंगनं मोटारीकडे पाहिलं, सुसानाकडे पाहिलं. मग टोपी काढून पेटाऱ्यावर ठेवली आणि बैलगाडीत चढून पेटीखाली शिरला. "मी धरतो. पण मोटार बंद करणार नाय. परत चालू झाली नाय तर?"

असं ते लग्न लागलं. मास्तर गाडीत बसून वाजवत होते, खालून फत्तेसिंग दर दाबाला दांडा वर ढकलत होता आणि मोटार आपली भडभड करत सुरात सूर मिसळत होती. उतारू खाली उतरले, ते केळी खाऊनच परत चढले. मामा शेवटी मास्तरांजवळ आला. "पेटी आहे खरी," म्हणाला आणि मिशीला हात लावायचं विसरला.

महिन्याभरानं डोंगरातला होळ्या नावाचा एक शेतकरी मास्तरांकडे आला. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं.

"पेटी दुरुस्त झालीय आता," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "चर्चमध्येच वाजवू."

"पेटीचं नाही विचारत, मास्तर," होळ्या खाली बसत म्हणाला. "त्या ड्रायव्हरला विचारा, मोटार कुठल्या आंब्याखाली बंद पाडणार. मी मांडव तिथंच घालतो."