रोजचं अत्तर

लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या बालीगंजच्या इमारतीत, अंधाऱ्या जिन्यात कोण आहे, असं ओरडून विचारावं लागत नसे. अंबर आणि मोगऱ्याचा वास आला की वरच्या मजल्यावरच्या कमळामावशी. वास नाही आला, तर मात्र विचारायचं.

मावशी जन्मल्या कलकत्त्यातच. शाळेत शिकवायच्या. आम्ही ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी आलेलो. पहिल्याच दिवशी मावशी दारात हजर. नाव नाही, गाव नाही, एकदम "हात पुढे कर!" मी तळवा पुढे केला.

"अगं, उलटा! प्रसाद वाटतेय का मी?" आणि हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट ओढलं.

चितपूरच्या अत्तरवाल्यांकडून अंबर वेगळा, मोगरा वेगळा आणून त्या घरी मिसळायच्या. जाणकार म्हणत, अंबर थंडीतला, मोगरा उन्हाळ्यातला. मावशींना ते मुळीच मान्य नव्हतं. "अंबरानं ऊब येते, मोगऱ्यानं डोकं थंड राहतं. आणि अत्तर काय लग्नातच लावायचं? आंघोळ रोज करता ना?" एवढं बोलून त्या अत्तर लावून बटाटे आणायला जायच्या.

वाटेत भेटेल त्याला लावायच्या. ट्रामचा कंडक्टर असो की पोस्टमन, "हात पुढे कर" मराठीतच, आणि लोकांना ते बरोब्बर कळायचं. एकदा बाजारात त्यांनी एका मासेवाल्याचे दोन्ही हात सुगंधी केले. बंगाली गिऱ्हाईक मासा हुंगल्याशिवाय घेत नाही. त्यात माशाला मोगऱ्याचा वास! शिळा माल झाकतोस काय, म्हणून बिचाऱ्याची अशी खरडपट्टी निघाली, की पुढे मावशी दिसल्या की तो हात पाठीमागे लपवायचा.

चैत्रात मी हळदीकुंकू केलं. मावशी सकाळपासून पदर खोचून माझ्याकडे. डाळ वाटली, पन्हं केलं, माझी अत्तरदाणी घासूनपुसून तिच्यात स्वतःचं अत्तर भरलं. बायका यायच्या वेळी हात पुसत म्हणाल्या, "निघते. वह्या तपासायच्यात."

त्यांचे यजमान तरुणपणीच गेले होते. अशा बाईला तेव्हा हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, आणि तसं म्हणायची वेळ मावशी कुणावर येऊ देत नसत.

बायका जमल्या. ह्यांच्या साहेबांच्या पत्नी, फाटकबाई, हात हुंगत म्हणाल्या, "अगंबाई, हे तर मावशींचं!" सगळ्या हसल्या. मावशी कुठे आहेत, हे एकीनंही विचारलं नाही. माझं डोकंच फिरलं. घरभर त्यांचा वास, पानात त्यांची डाळ, आणि बाई तेवढ्या वर! अत्तरदाणी उचलली आणि जिना चढले.

मावशी खुर्चीत नुसत्या बसल्या होत्या. वह्याबिह्या काही नव्हत्या.

"हात पुढे करा," मी म्हटलं.

"वेडी की काय! अगं, मला कुंकू..."

"कुंकवाचं नाव काढलंय का मी? हात."

त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. आख्ख्या बाजाराला शिकवणाऱ्या मावशींना स्वतःचा हात कसा धरायचा तेच सुचेना. इतक्या वर्षांत त्यांना कुणी अत्तर लावलंच नव्हतं. मी तो हात उलटा केला आणि बोट ओढलं. मला रडू आवरेना. मावशी आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

"आता खाली चला," मी डोळे पुसत म्हटलं. "फाटकबाई म्हणतायत, डाळीत मीठ कमी पडलंय."

"कोण म्हणतं?" मावशी ताडकन उठल्या आणि माझ्याआधी जिना उतरून त्या सगळ्या बायकांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

मीठ बरोबर होतं.