फोटो लहान करायचा होता

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शुद्धलेखन कच्चं आहे आणि जड शब्द मला पेलत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात दुरुस्त करावं आणि पुढे जावं. गोष्ट मात्र जशी घडली तशी सांगतो.

एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गल्लीतले सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. बायको ‘अहो’ म्हणायची आणि सासूबाई शक्यतो काहीच म्हणायच्या नाहीत. घर सासूबाईंचं होतं. लग्नानंतर वर्षभरासाठी म्हणून तो तिथे राहायला आला होता आणि ते वर्ष अजून संपायचं होतं. एवढ्या काळात सासूबाईंनी त्याच्यावर कधी काही सोपवलं नव्हतं. (साधा बल्ब बदलायचा असला तरी त्या शेजाऱ्यांना हाक मारायच्या. शेजारी शिक्षक होते. त्यांच्या हातून दोन बल्ब फुटले, तरी हाक त्यांनाच.)

अशा सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीच्या गावी जावं लागलं. सोबत धाकटी, म्हणजे पेंटरची बायको गेली. निघताना सासूबाई बाल्कनीत गेल्या, कुंडीतल्या लिंबाच्या झाडावरून अंदाजाने हात फिरवला आणि जावयाकडे न बघता म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी लावलेलं आहे. रोज सकाळी एक मग पाणी. तेवढं जमेल?”

“जमेल की,” पेंटर म्हणाला. परीक्षाच होती ती, आणि पेपर सोपा होता.

त्या झाडाला आजवर एक लिंबू लागलं नव्हतं, पण पानं हिरवीगार असायची. पेंटरने रोज मन लावून पाणी घातलं. आणि सासूबाई परत यायच्या आदल्या सकाळी बघतो तर पानं पिवळी. एखाददुसरं नव्हे, निम्मं झाड.

घाबरलेला माणूस आधी त्याला जे येतं तेच करतो. पेंटरने हिरवा काढला, त्यात थोडा पिवळा, टोकभर काळा, आणि लिंबाच्या पानाचा हुबेहूब रंग तयार केला. खालचं एक पान रंगवलं. पान असं झळकलं की बास! पण त्या झळाळीने शेजारची पानं आणखीच आजारी दिसायला लागली. सगळं झाड रंगवावं लागलं असतं, दोन हात देऊन. शिवाय सासूबाईंचे डोळे आता नवे होते. जुने असते तर त्याने विचार केला असता.

मग त्याने मोबाइल काढला. कुंडीतली झाडं वाढवणाऱ्या लोकांचा एक चर्चामंच सापडला. तिथे लोक आपल्या झाडाचं दुखणं मांडायचे आणि बाकीचे उपाय सांगायचे. पेंटरने ‘त्रस्त माळी’ असं नाव घेतलं, प्रश्न लिहिला, पानाचा जवळून फोटो काढला आणि पाठवायचं बटण दाबलं.

उत्तर तत्काळ आलं. फोटोचा आकार फार मोठा आहे, लहान करून पुन्हा पाठवा.

आता हे वाचून तुम्ही-आम्ही काय केलं असतं ते सोडा. पेंटरचा जन्म पाट्यांत गेला होता. अक्षर जवळून मोठं दिसतं आणि लांबून लहान, हे त्याच्या धंद्याचं मूळ. रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून तर तो हातभर अक्षरं काढायचा. फोटो लहान हवा असेल तर लांब जायचं, यात विचारण्यासारखं काय आहे?

तो बाल्कनीच्या दारात गेला. फोटो काढला, पाठवला. आकार मोठा आहे.

दिवाणखान्याच्या पार टोकाला, भिंतीला पाठ लावून काढला. आकार मोठा आहे.

“काय माणसं आहेत!” पेंटर म्हणाला आणि चपला घालून खाली उतरला.

रस्त्यावरून बाल्कनी चांगली दिसत होती. त्याने एक फोटो काढला. नाही चालला. चार पावलं मागे सरकला, आणखी एक काढला. तोही परत. मग एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून त्याने अंदाज घेतला (पाटी सरळ लागली की नाही ते तो असंच बघायचा) आणि मोठमोठी पावलं टाकत पलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चढला. आता सगळं घर फोटोत मावत होतं आणि झाड वाटाण्याएवढं झालं होतं. याहून लहान मागितलं असतं तर दुसऱ्या गल्लीत जावं लागलं असतं.

“काय पेंटरभाऊ, मोजमाप चाललंय वाटतं?” वरून आवाज आला. समोरच्या काकू खिडकीत होत्या. त्या नेहमीच खिडकीत असायच्या.

“नाही हो काकू. जरा फोटो.”

“घराचा?”

“घराचा नाही, पण... घर त्यात येतंय.”

“सासूबाईंना ठाऊक आहे?”

“नाही! आणि कृपा करून तुम्ही सांगू नका.”

काकूंनी मान डोलावली आणि खिडकी लावली. दिवसाउजेडी ती खिडकी लागलेली गल्लीत कुणी पाहिली नव्हती. पेंटर घरी पोचायच्या आत बायकोचा फोन.

“अहो, तुम्ही घर विकताय?”

“कोण म्हणालं?”

“काकू. पावलं टाकून माप घेताय म्हणे, फोटो काढताय, आणि आईला सांगू नका म्हणालात.”

“अगं, ते घराचे फोटो नव्हते.”

“मग कशाचे?”

झाडाचे म्हणावं तर झाडाला काय झालं हा पुढचा प्रश्न उभा होता. पेंटर म्हणाला, “असंच. आठवण म्हणून.”

“कसली आठवण? घर कुठे चाललंय?”

मागून सासूबाईंचा आवाज आला, “त्यांना विचार, मला कुठे ठेवायचं ठरवलंय!”

“आई, तू डोळ्यांना ताण देऊ नकोस,” बायको म्हणाली. “अहो, उद्या संध्याकाळी येतोय आम्ही. तोवर घर असू द्या.” आणि फोन ठेवला.

पायरीवरचा फोटोही परत आला होता. आता पेंटरपुढे एकच वाट उरली होती आणि ती फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जात होती. फ्लेक्स छापणारा तो गडी चौकात आल्यापासून पेंटरच्या निम्म्या पाट्या गेल्या होत्या. त्या दुकानासमोरून जायचं नाही म्हणून पेंटर रोज वळसा घालून जायचा. आज तो सरळ आत शिरला.

“या या, पेंटर!” फ्लेक्सवाला खुर्चीतून उठलाच. “रस्ता चुकलात?”

“एक फोटो लहान करून हवाय.”

“लहान?” फ्लेक्सवाला परत बसला. “अहो, लोक माझ्याकडे नखाएवढा चेहरा आणतात आणि भिंतीएवढा करून मागतात. लहान करा म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

“मी करून पाहिला. लांबून काढला.”

“किती लांबून?”

“औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून.”

फ्लेक्सवाल्याने खाली बघितलं आणि टेबलावरच्या वस्तू उगाच नीट लावल्या. मग म्हणाला, “पेंटर, फोटोत मुंगी असो की डोंगर, मोबाइलला भार सारखाच. लांब जाऊन तो कमी होत नाही. आतल्या आत कमी करावा लागतो.”

“म्हणजे मी उगाच खाली उतरलो?”

“व्यायाम झाला.”

पेंटरला हे सगळं अन्यायाचं वाटलं. फ्लेक्सवाल्याने मोबाइल कॉम्प्युटरला जोडला, तीनचार ठिकाणी बटणं दाबली आणि विचारलं, “कुठला पाठवू?”

“झाडाचा.”

झाड सगळ्याच फोटोंत होतं. त्याने सगळेच पाठवले. (पैसे विचारले तर म्हणाला, “तुमच्याकडून घेईन होय? तुम्ही आलात हेच खूप.” हे पेंटरला जास्त लागलं.)

घरी येईपर्यंत मंचावर उत्तरांची रांग लागली होती.

पहिलं उत्तर: “पहिल्या फोटोत पानच पान, शेवटच्या फोटोत झाड शोधायला नातू बसवला आहे. सापडलं की कळवतो.”

दुसरं: “खालचं एक पान प्लॅस्टिकचं आहे का?”

तिसरं: “दुसऱ्या फोटोत कुंडीत रंगाचा ब्रश उभा दिसतो आणि शेजारी टर्पेंटाइनचा डबा. ब्रश धुऊन उरलेलं टर्पेंटाइन कुठे ओतता, दादा?”

पेंटरने वाचलं आणि मान वळवली. कुंडीच्या मातीत खरोखरच ब्रश उभा होता. एक नव्हे, तीन. दांडा मातीत आणि केस वर, म्हणजे ब्रश झटकन वाळतो. सासूबाई घरात नसल्यामुळे तो पाट्यांचं काम बाल्कनीत करत होता आणि मऊ माती दिसली की त्याचा हात आपोआप ब्रश रोवायचा. उरलेलं टर्पेंटाइन? तेही आपोआपच. (तिसरा ब्रश तर तो चार दिवस घरभर शोधत होता.)

चौथं उत्तर सगळ्यांत कडक होतं: “या गाढवाला म्हणावं, माती सगळी बदल, मुळं पाण्याने धू, पिवळी पानं आणि मेलेल्या फांद्या काप. झाड जगलं तर झाडाचं नशीब. आणि अशा माणसाच्या हाती झाड सोपवणारा शहाणा कोण आहे? आधी त्याचे कान उपटा.”

शब्द झोंबले, पण उपाय पटला. पेंटरने दुपारभर बसून माती बदलली, मुळं धुतली, कात्री चालवली. शेवटी कुंडीत एक काठी, दोन फांद्या आणि मोजकी पानं उरली. रंगवलेलं पान त्याने ठेवलं होतं, पण ते आपणहून गळालं.

हात धुतोय तोच बायकोचा फोन. ती खालच्या आवाजात बोलत होती.

“अहो, ‘त्रस्त माळी’ तुम्हीच ना?”

पेंटर तसाच ओल्या हाताने स्टुलावर बसला. “तुला कसं कळलं?”

“शेवटच्या फोटोत आपलं घर आहे. दोरीवर तुमचं फाटकं बनियन आहे. डॉक्टरांनी आईला मोबाइल बघू नका सांगितलंय, म्हणून मी तिला रोज तो मंच वाचून दाखवते.”

“वाचून दाखवलंस? हेसुद्धा?”

“घर ओळखायच्या आधीच वाचून झालं होतं. मी नुसतं सांगितलं, एका माणसाने कुंडीत ब्रश रोवलेत. तिने लगेच उत्तर लिहून घ्यायला लावलं.”

“कितवं उत्तर?”

“चौथं.”

पेंटरने कुंडीतल्या काठीकडे बघितलं.

“तू सांगणार आहेस तिला?” पेंटरने विचारलं.

“मी नाही सांगणार. पण आता तिला दिसतं हो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई काळा चष्मा लावून घरात आल्या. दारातच थांबून त्यांनी चष्मा वर केला आणि कितीतरी वर्षांनी आपलं घर नीट बघितलं. छताकडे बघून म्हणाल्या, “जाळी.” भिंतीकडे बघून म्हणाल्या, “ओल.” मग जावयाकडे बघितलं.

“केस कधी गेले तुमचे?”

“हळूहळू,” पेंटर म्हणाला.

त्या बाल्कनीत गेल्या. पेंटर मागे उभा राहिला, हात नेमके कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. सासूबाईंनी ती काठी बघितली, नवी माती चिमटीत घेऊन वास घेतला, कापलेल्या टोकांवर बोट फिरवलं. मग लेकीकडे बघितलं. लेक छतावरची जाळी निरखत होती.

“माती बदललीय,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“मुळं धुतली?”

“धुतली. पिवळी पानं काढली. मेलेल्या फांद्याही.”

सासूबाईंचे ओठ हलले. चौथं उत्तर त्या मनातल्या मनात म्हणत असाव्यात, कारण शेवटापाशी येऊन त्या एकदम थांबल्या. हात नकळत स्वतःच्या कानाशी गेला.

“म्हणजे तो सोपवणारा शहाणा...”

पेंटर काही बोलला नाही. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यांत हुशार क्षण होता.

“काप बरा घेतलाय,” सासूबाई अखेर म्हणाल्या. “हाताला वळण आहे. पाणी उद्यापासून मी घालीन.” पेंटरची मान खाली गेली. “पाण्याचा मग तेवढा भरून आणून द्या.”

म्हणजे पेपरात नापास, पण वर्गात बसायची परवानगी होती. पेंटर त्या रात्री समाधानाने झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मग भरत असताना दाराची कडी वाजली. काकूंचा भाचा आणि भाच्याची बायको दारात उभे होते, चांगले कपडे घालून.

“घर बघायला आलो होतो,” भाचा म्हणाला. “मावशी म्हणाली, विकायचं आहे.”

पेंटर मग हातात घेऊन जागीच थिजला. आतून सासूबाई आल्या, चष्मा वर केला आणि दोघांना नीट न्याहाळलं.

“घर नाही विकायचं,” त्या म्हणाल्या. “जावई आहे, हा समोर उभाय. बघायचा तर बघून घ्या. पाट्या छान रंगवतो, फक्त झाडांजवळ ठेवायचा नाही.”

भाच्याची बायको हसली नाही. तिने पेंटरला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग नवऱ्याच्या कानाला लागून, पण चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नको. फोटोत बरा दिसला असता, तेही लांबून.”

पेंटरने भरलेला मग सासूबाईंच्या हातात दिला, आत गेला आणि बाल्कनीतल्या दोरीवरचं ते फाटकं बनियन काढून आणलं.