सुभद्राबाईंचा घट, शेषाद्रींचा घटम

शेषाद्री दुपारी कारखान्यातून कासारवाडीच्या खोलीवर परतले आणि अंगणातच थबकले. सकाळी उन्हात ठेवलेला घटम जागेवर नव्हता. घटम म्हणजे दिसायला साधं मडकं, पण मद्रासकडचे वादक ते पोटाशी धरून बोटांनी असं वाजवतात की ऐकणाऱ्यानं पुन्हा त्याला मडकं म्हणू नये. शेषाद्रींना तो गुरूंनी दिला होता.

आणि उद्या संध्याकाळी नाटक होतं. पिंपरीच्या नव्या कारखान्यातली कारकुनी सांभाळून शेषाद्रींनी मजुरांना आणि शेतकऱ्यांना कर्नाटक संगीत शिकवायचा विडा उचलला होता. वर्षभर घसा सुकवून शबरीवर मराठी संगीत नाटक बसवलं होतं. ते बघायला पुण्याच्या एका संगीत सभेचे नानासाहेब येणार होते. त्यांच्या पसंतीला उतरलं तर सभा हे नाटक गावोगाव नेणार होती आणि शेषाद्रींची कारकुनीतून कायमची सुटका होणार होती. नाही उतरलं, तर जन्मभर खर्डेघाशी ठरलेलीच.

घरमालकीण सुभद्राबाईंना विचारलं, तर त्यांनी कौतुकानं माजघरातल्या देवघराकडे बोट दाखवलं. आज घटस्थापना. कुंभाराकडून आणलेला घट ऐनवेळी तडकला आणि मुहूर्त टळायच्या आत अंगणात हे जाडजूड, देखणं मडकं दिसलं. आता ते काळ्या मातीवर विराजमान झालं होतं. आत पाणी, तोंडावर पानं आणि नारळ, भोवती पेरलेलं धान्य, वर झेंडूची माळ. शेषाद्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, तो माझा घटम आहे. उद्या मला वाजवायचा आहे."

"तुमचा आसंल, पर आता देवीचा हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "बसलेला घट दसऱ्याबिगर हलवत न्हाईत. घरात सून अवघडलेली हाय, मास्तर. इपरीत काय झालं तर?"

सुनेचे, रंभेचे, दिवस भरत आले होते. गुरूंचा घटम की घरातलं बाळंतपण, असा प्रश्न पडला तर भल्या माणसाकडे उत्तर एकच असतं.

मग शबरीचं काम करणारा भैरू लेथवाला सायकल हाणत चिंचवडच्या कुंभाराकडून मडकी घेऊन आला. पण ती पडली पाण्याची मडकी. शेषाद्रींनी अंगठा जरा जोरात मारला की एकेक राम म्हणायचं. तिसरं फुटल्यावर सुभद्राबाई पदर खोचत बाहेर आल्या. मडकं फोडतात ते स्मशानात, आणि इथं भर नवरात्रात, गरोदर बाईच्या दाराशी, मडकी ओळीनं फुटत होती.

"बास करा ती मडकी फोडणं," त्या म्हणाल्या. "देवीपुढं वाजवाया कुनी नगं म्हनलंय? घट तेवढा हलवू नगा. नाटक हितं आणा."

बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी देवळापुढे ठरलेलं नाटक सुभद्राबाईंच्या माजघरात शिरलं. राम-लक्ष्मण चुलीपाशी उभे राहिले, शबरी कणगीआड दडली आणि नानासाहेबांना जात्यालगत पाट मिळाला. त्यांच्या कपाळावरची आठी साऱ्या माजघराला दिसत होती. शेषाद्री देवीला नमस्कार करून घटापुढे बसले आणि जीव मुठीत धरून त्यांनी पहिली थाप मारली.

"ढब्."

ओल्या भिंतीवर शेण थापावं तसा आवाज. पाणी, माती आणि नारळ यांनी मिळून गुरूंच्या घटमचा गळाच दाबला होता. भैरूची शबरी गायचं विसरली. नानासाहेबांनी मान खाली घातली. शेषाद्रींना समोर कारकुनाची खुर्ची दिसू लागली. पण आता हात थांबला तर सगळंच संपलं, म्हणून ते वाजवत राहिले. देवीचा घट बोलतोय म्हटल्यावर बायकांनी हात जोडले. मग रंभेनं टाळीचा ठेका धरला, मग सगळ्या माजघरानं. शबरीला सूर सापडला. रामानं उष्टं बोर तोंडात टाकलं तेव्हा सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

नाटक संपलं तरी नानासाहेब पाटावरून उठेनात. शेषाद्री घाम पुसत पुढे गेले.

"ऐकण्यात जन्म गेला माझा," नानासाहेब म्हणाले, "पण असा गंभीर, खोल नाद कानावर आला नव्हता. सभा नाटक नेईल. अट एकच. गावोगाव घट असाच मातीत बसवायचा, नारळासकट."

शेषाद्रींनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

दसऱ्याला घट उठले. तोवर रंभा सुखरूप बाळंत झाली होती. शेषाद्रींनी घटम पुसला, उन्हात खडखडीत वाळवला आणि ओट्यावर बसून हलकेच बोट मारलं. स्वच्छ, खणखणीत नाद अंगणभर पसरला. गुरू भेटल्यासारखं त्यांना भरून आलं.

सुभद्राबाई आतून लगबगीनं बाहेर आल्या.

"तडकला का काय वो, मास्तर?" त्या हळहळल्या. "नवरात्रात किती ग्वाड वाजत व्हता."