लोखंडे सरांचा पुरावा

कम्प्युटर बंद पडलेला दिसला की लोखंडे सर हरखून जात. खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसत, ऐसपैस बसत आणि सगळ्या ऑफिसला बजावत, "बटन दाबू नका. पुरावा जाते!"

मी गुडीहत्नूरच्या आमच्या शाळेत क्लार्क. सर कम्प्युटर शिकवायचे. शाळेत धड चालणारा कम्प्युटर एकच, तोही माझ्या टेबलावर. दहावीच्या परीक्षेच्या याद्या मला त्यावरच करून आदिलाबादला पाठवायच्या होत्या. सकाळी मशीन बरं चालायचं, दुपारपर्यंत जडावायचं, मग गप्प. बटन दाबून पुन्हा चालू केलं की झालं, हे शिपायालाही ठाऊक होतं. सरांना मान्य नव्हतं.

"ताई, हा इलाज नोहे. आजार आत आहे. कर्नलमंदी."

आमचे हेडसर तेलुगू. त्यांनी घाबरून विचारलं, "कौन कर्नल? मिलिटरीवाला?"

मग सरांनी फळ्यावर चौकोन काढून आम्हा दोघांना समजावलं. कर्नल म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा गाभा. कोणत्याही कामाला मेमरीतली जागा तोच देतो आणि काम संपलं की परत घेतो. "कुठंतरी जागा परत घ्याची राहून राह्यली. थोडी थोडी करून सगळी भरते, मंग मशीन अडते." प्रोग्राम फुकटचा, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, आत काय आहे ते कोणीही वाचावं. सर वाचत बसले. तीन महिने. माझ्या खुर्चीवर. मी स्टुलावर बसून हाताने याद्या लिहीत होते.

मुदत दोन दिवसांवर आली आणि मशीन पुन्हा अडलं. प्रिंटरमध्ये पान अर्धं लटकत होतं. मी बटनाकडे हात नेला. सर आडवे आले.

"पाच मिनिटं, ताई."

"पाच मिनिटं करत करत तुमी मले सस्पेंड करता काय, सर?" माझा तोल गेला. "एवढं काय पाहून राह्यले त्याच्यात? करंट गेला, प्रिंटर बंद, पान अर्धं. ज्या दिवशी करंट जास्ती जाते, त्या दिवशी हे मढं लवकर अडते. कोणालेही दिसते!"

सर जागच्या जागी थांबले. "काय म्हनलं? पुन्हा म्हना."

मी बटन दाबलं. पहिल्यांदाच त्यांनी अडवलं नाही.

माझ्या बोलण्यातून सरांना धागा सापडला. कम्प्युटरला बॅटरी होती, प्रिंटरला नव्हती. पान पूर्ण छापलं की कर्नल जागा परत घेई. छपाई मधेच तुटली तर ती परत घ्यायची, हे लिहायचं सगळ्यांच्याच ध्यानातून सुटलं होतं. "ज्याच्या गावात करंट जात नाई, त्याले कसं सापडन?" सर म्हणाले आणि त्यांनी चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी करंट अकरा वेळा गेला. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं, माझ्या याद्याही संपल्या.

त्या चार ओळी प्रोग्राम सांभाळणाऱ्या लोकांना पाठवायला सर बसने इचोड्याच्या इंटरनेटच्या दुकानात गेले. ओळी परत आल्या. आधी म्हणे ओळींआधी सोडायचा समास चुकला, मग इंग्रजी कळलं नाही, मग वर्णन फार लांब. दर खेपेला सर माझ्यासमोर बसून तावातावाने त्यांची पत्रं वाचत. मी कान बंद करून जावक रजिस्टर लिही. चौथ्यांदा त्यांनी घेतल्या.

एका दुपारी त्यांनी छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला. चार ओळी, सरांचं नाव आणि त्याच्यावर इंग्रजीत, चूक कळवणाऱ्या: सुनीता ढोके, गुडीहत्नूर.

"माझं नाव काऊन, सर? मी तं भांडली तुमच्यासंग."

"सापडवलं तुमीच. म्या निस्तं लिहलं." ते जरा घुटमळले. "आईले वाचून दाखवलं. तिले वाटलं, तुमी आता घरी येनार. दोन दिवसांपासून कोणती भाजी करू, कोणती भाजी करू, विचारून राह्यली. आमच्याकडं येत नाई ना कोणी."

तीन वर्षं एकाच शाळेत होतो. सरांच्या घरी आई आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"वांग्याची म्हना," मी म्हटलं. "रविवारी येते."