सहा तबकड्यांचं वाळवण

समजा, तुमच्यापुढे एक रिकामी टोपली आहे. टोपलीच्या काठावर जेवणाच्या ताटाएवढी एक काळी, गुळगुळीत तबकडी ठेवा. तबकडीच्या मधोमध एक नारळ ठेवा, न सोललेला, चांगला वजनदार. आता त्यावर ऑक्टोबरचं ऊन सोडा. आलं डोळ्यांसमोर? मग पुढे काय होईल ते मनातच ठेवा. किहीमच्या सरोजिनीला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तर ही गोष्ट घडली.

साल होतं १९३४. सरोजिनी दहा वर्षांची होती आणि नारळी-पोफळीच्या वाडीत काका-काकूंकडे राहत होती. तिचे विश्वंभरकाका मुंबईला जहाज कंपनीत बावीस वर्षं नोकरी करून गावी परतले, ते कर्ण्याचा ग्रामोफोन आणि सहा तबकड्या घेऊन. तेव्हा लोक भजनांच्या, नाहीतर नाटकातल्या पदांच्या तबकड्या घेत. काकांच्या सहाही तबकड्या जॅझच्या होत्या. लांबून येणाऱ्या बोटींवरच्या खलाशांकडून त्यांनी त्या एकेक करून मिळवल्या होत्या. जॅझ म्हणजे काय, असं कुणी विचारलं की काकांनी तोंड उघडायच्या आत श्यामलाकाकू सांगायच्या, "सगळे एकदम बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. लग्नाच्या याद्या करताना होतं ना, तसंच. फक्त पिपाण्यांवर."

दर रविवारी सकाळी काका चावी द्यायचे आणि सरोजिनी सुई ठेवायची. त्या यंत्राला काकांखेरीज हात लावायचा मान घरात एकट्या तिचा होता. शेवटी लागायची ती मधे लाल कागद चिकटवलेली तबकडी, काकांची सगळ्यांत लाडकी. तिच्यात एकजण तुतारीसारखं वाद्य, म्हणजे ट्रंपेट, असं काही वाजवायचा की काकांचा पाय आपोआप हलू लागे. मात्र तिच्यावर गाण्याच्या अर्ध्यात एक ओरखडा होता. सुई तिथे आली की अडकायची आणि "पँ-परारा, पँ-परारा" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहायची. मग काका एका बोटाने हळूच टिचकी द्यायचे आणि गाणं पुढे निघायचं.

ही गोष्ट घडली त्या आठवड्यात काका मुंबईला गेले ते पिएदाद नावाच्या गोव्याच्या वादकाला आणायला. पिएदाद एका मोठ्या हॉटेलात ट्रंपेट वाजवत. लाल कागदाच्या तबकडीवरची चाल त्यांनी एकदाच कुठेतरी ऐकली होती. ती तबकडी सगळ्या मुंबईत मिळेना. ती ऐकून चाल कागदावर उतरवून घ्यायला ते मुद्दाम किहीमला येणार होते.

"शनिवारी संध्याकाळी येतो आम्ही," निघताना काका सरोजिनीला म्हणाले. "रविवारी पहाटेच ते परत जाणार. सुई तूच ठेवायचीस. तोवर तबकड्या जप."

सरोजिनीने त्या इतक्या जपल्या की शनिवारी सकाळी उघडून पाहिल्या. सहाही तबकड्यांवर पांढरी बुरशी आली होती. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर हे असंच. चपला, पुस्तकं, पेटीतला कोट, बुरशी कशालाच सोडत नाही. म्हणून पाऊस गेला की घरातलं सगळं अंगणात येतं. काकूंनी तेव्हा सुपाऱ्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, एवढंच काय, पंचांगसुद्धा उन्हात मांडलं होतं.

"काकू, बुरशी आलेलं काय करायचं?"

"पुसायचं आणि उन्हात टाकायचं," काकू सुपारी पसरता पसरता म्हणाल्या. "आणि जमिनीवर नको टाकूस, खालून वारा लागला पाहिजे. वर काहीतरी वजन ठेव, नाहीतर उडेल."

काय टाकायचं आहे ते काकूंनी विचारलं नाही आणि सरोजिनीने सांगितलं नाही. तिने तबकड्या ओल्या फडक्याने पुसल्या. खालून वारा लागावा म्हणून सहा टोपल्यांवर सहा तबकड्या ठेवल्या. उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक नारळ ठेवला. नारळाच्या वाडीत दुसरं वजन शोधत कोण बसतं? मग ती निवांत सागरगोटे खेळायला गेली.

आता तुम्हाला एक सांगतो. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. लाखेच्या बांगड्या करणारा कारागीर लाख तापवतो, मऊ झाली की वळवतो आणि गार झाली की ती तशीच राहते. त्याला निखारे लागतात. सरोजिनीला ऊन पुरलं.

दुपारी ती परत आली तेव्हा प्रत्येक टोपलीत एक काळा वाडगा होता आणि प्रत्येक वाडग्यात एक नारळ ऐटीत बसला होता.

"काकू," तिने अगदी हळू हाक मारली, "तबकड्या बसल्या."

काकू बाहेर आल्या. त्यांनी एक वाडगा उचलून उलटसुलट करून पाहिला. "झकास झालाय," त्या म्हणाल्या. "भोक नसतं तर ताक ठेवलं असतं." मग त्यांना संध्याकाळची आठवण झाली आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. "अगं, तो माणूस गाणं ऐकायला समुद्र ओलांडून येतोय. त्याला काय ह्यातून आमटी वाढू?"

काकूंनी धीर केला. एक वाडगा सावलीत नेला, पाटावर पालथा घातला आणि वर जात्याची तळी ठेवली. तड् असा आवाज झाला. ती पहिली तबकडी गेली.

"आता जातं नको," सरोजिनी रडवेली होऊन म्हणाली. "उन्हाने वाकल्या, तर उन्हानेच सरळ होतील." तिने उरलेले पाच वाडगे वाडीच्या कुंपणावर, खुंटांवर पालथे घातले आणि राखण करत बसली. पण सकाळपासूनची दगदग, त्यात दुपारचं ऊन. तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा कुंपणावर चारच वाडगे होते, चारही जसेच्या तसे. लाल कागदाचा नेमका गेला होता.

शोधाशोध करायला वेळच मिळाला नाही. रेवस बंदराहून आलेली बैलगाडी फाटकाशी थांबली. काका उतरले, मागून काळी पेटी छातीशी धरून पिएदाद उतरले. काकांचा चेहरा असा खुलला होता की सरोजिनीला वाटलं, पळून जावं. पण तिने चारही वाडगे ओटीवर ओळीने मांडले, शेजारी फुटलेल्या तबकडीचे दोन तुकडे ठेवले आणि सगळं सांगितलं. टोपल्या, नारळ, जातं, कुंपण, डुलकी, काहीच गाळलं नाही.

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आणि लाल?" एवढंच त्यांनी विचारलं.

उत्तर कुंपणापलीकडून आलं. केसर कोळीण मासळीची पाटी घेऊन उभी होती. "वईवरची काळी परडी व्हय? ती मी नेली. टाकून दिलीय वाटलं. माजी कोंबडी बसवलीय तिच्यात."

सगळी वरात केसरच्या अंगणात गेली. कोपऱ्यात एक तांबडी कोंबडी तबकडीत फुगून बसली होती. काका दोन पावलं पुढे झाले. कोंबडीने मान वर करून त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते तीन पावलं मागे आले.

"सात अंडी हायत खाली," केसर म्हणाली. "आता उठवलीत तर परत बसाची न्हाय. एकवीस दिसांनी या. तबकडी न्या, वर एक पिल्लू बी देते."

"तबकडीचं भोक खुपत नाही कोंबडीला?" पिएदादनी विचारलं.

"भोक बरा हाय. खालून वारा लागतो."

सरोजिनीने काकूंकडे पाहिलं. काकू दुसरीकडे पाहू लागल्या.

सगळे ओटीवर परत येऊन बसले. काका ग्रामोफोनच्या कर्ण्यात पाहत होते. सरोजिनीच्या मनात एकच होतं, की आता सुई पुन्हा कधी हातात मिळायची नाही. काका रागावले असते तर बरं झालं असतं.

"असू दे, विश्वंभरबाब," पिएदाद म्हणाले. मग ते सरोजिनीकडे वळले. "बाय, तू दर रविवारी ऐकायचीस ना? सुरुवात कशी होती गं? थोडी तरी सांग."

सरोजिनीने डोळे मिटले. "स्स्स्स, स्स्स्स, स्स्स्स," ती म्हणाली. तबकडीची सुरुवात अशीच व्हायची. आणि मग तिने चाल धरली. ट्रंपेट नाकातून, ढोल मांडीवर, मधला पियानो जीभ हलवून. पिएदादनी घाईघाईने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. पेन्सिल धावू लागली. काकांची मान हळूहळू कर्ण्यातून बाहेर आली.

"पँ-परारा," सरोजिनी म्हणाली. "पँ-परारा. पँ-परारा."

"हां, पुढे?" पिएदाद.

"पँ-परारा. पँ-परारा."

"अगं, पुढे म्हण की," काकू म्हणाल्या.

सरोजिनी क्षणभर थांबली. "पुढे येत नाही. इथे अडकतं." आणि पुन्हा सुरू झाली, "पँ-परारा. पँ-परारा." डोळे उघडून ती काकांकडे पाहत राहिली.

आठ वेळा झालं, नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी काका उठले, तिच्याजवळ आले आणि एका बोटाने तिच्या खांद्यावर हळूच टिचकी दिली. चाल लगेच पुढे निघाली. काकांना हसू आवरेना. ते खालीच बसले, पण पाय मात्र हलत होता.

चाल संपली. पिएदादनी कागद नीट केला, पेटीतून ट्रंपेट काढलं आणि ते उभे राहिले. पहिला सूर निघाला तशी केसर रिकामी पाटी डोक्यावर घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. काकू पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. नारळीच्या वाडीत तबकडीशिवाय, कर्ण्याशिवाय ती चाल पहिल्यांदाच वाजत होती.

वाजवता वाजवता पिएदाद पँ-परारापाशी आले. पुन्हा पँ-परारा वाजवलं. पुन्हा तेच. गाल फुगलेले, चेहरा लाल झालेला, पण ते पुढे जाईनात. ट्रंपेटवरून त्यांचे डोळे सरोजिनीवर खिळले होते.

सरोजिनी उठली. तिने बोट परकराला स्वच्छ पुसलं आणि पिएदादच्या कोपराला हळूच एक टिचकी दिली.