नानाच्या गालावरची माशी

आमच्या लालबाग गावात गोविंदनानाच्या गालावर बसायला माशी धजत नसे. बसलीच तर घसरे. एकदा घसरलेली माशी थेट तापीच्या घाटावर सापडली, असं मी स्वतः इतकी वर्षं सांगत आलोय, म्हणजे ते खरंच असणार.

बाकी गाव आठवड्यातून एकदा न्हाव्यापुढे बसायचं. तहसील कचेरीतला हा कारकून मात्र रोज सकाळी ओट्यावर आरसा टेकवून स्वतःच्या हाताने दाढी करी, आणि ती झाली की खरा सोहळा सुरू होई. आधी थंड पाणी. मग तुरटीचा खडा. तो गालावरून असा फिरवायचा, की जणू पाट्यावर मिरच्या वाटतोय. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई. नाना डोळे मिटून थांबे, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाई, "झोंबली. आजचा दिवस आपला."

तुरटी मवाळ वाटली की लिंबू. लिंबूही मवाळ वाटलं की स्टेशनावरच्या गोऱ्या गार्डाकडून मिळवलेली विलायती अर्काची बाटली. तिचा वास घेऊन आमचा बोका दोन दिवस उलटा चालत होता. दुकानात गेला की नाना म्हणे, "शेठ, गुलाबपाणी-बिलाबपाणी नको. चावणारं काही दाखवा."

बोहरी शेठ म्हणत, "चावनेवाला तो वो कुत्ता बैठा है नाना, ले जाओ."

पण रविवारी हाच माणूस ताजं लोणी, उगाळलेलं चंदन आणि खडीसाखरेची पुडी घेऊन होडीने तापीपलीकडे जाई. लोणी, चंदन, खडीसाखर. गावाने हिशेब मांडला की पलीकडे कुणीतरी बाई आहे. ओट्यावरचे टोळभैरव विचारत, "काय नाना, वहिनी बरी आहे ना?" नाना नुसता हसे. नानाचं लग्नच झालेलं नव्हतं.

एका रविवारी ‘झोंबली’चा आवाज आला नाही. मी डोकावलो. नाना आरशापुढे बसलेला, गाल ओला, हातात खडा. तो फिरवत होता, थांबत होता, पुन्हा फिरवत होता. मग त्याने वस्तरा पुसून फडक्यात बांधला, अंथरुणाची वळकटी केली आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"कुठे निघालात?"

"दादाकडे. राहायला."

नानाचा थोरला भाऊ काशीला जाऊन वारला, असं गावाला माहीत होतं. सांगितलं होतं नानानेच. मी वळकटी उचलली आणि मागोमाग निघालो. वाटेत बघतो, तर नानाच्या गालावर माश्या. एक नाही, थवा. मी उपरण्याने हाकलायला गेलो तर म्हणाला, "बसू दे. आता हा गाल त्यांचाच."

होडीत त्याने सांगितलं. एकदा दाढी करताना दादाचा गाल चिरला. रक्त गळ्यापर्यंत आलं. नानाने घाईने तुरटी दाबली. दादा आपला गप्पा मारतोय. जरा वेळाने म्हणाला, "अरे, तुरटी लाव ना." ती लावून झाली होती. महारोग कळला तो तिथून.

"आज मला नाही झोंबली," नाना म्हणाला. नावाड्याने ऐकलं आणि तो वल्ह्यासकट मागे सरकला.

पलीकडे बोरीबाभळींच्या आड महारोग्यांच्या चार झोपड्या होत्या. दादा दारात बसला होता, दाढी आठवड्याची. कुठलाच न्हावी त्याच्या गालाला हात लावत नसे, म्हणून हे रविवार. लोणी आणि चंदन होतं ते त्या गालांसाठी, ज्यांना लोणी काय, निखाराही कळला नसता. मी तसं बोललो तर नाना म्हणाला, "त्याला नाही कळत. माझ्या बोटांना कळतं ना."

वळकटी पाहून दादाने विचारलं, "हे काय?"

"राहायला आलो. आता रोज दाढी करीन तुझी." आणि हे सांगताना नानाचा चेहरा, इथं मी तिखटमीठ लावत नाही, वरातीला निघालेल्या माणसासारखा होता.

दादाने सवयीने तोंड पुढे केलं. बोटं उरली नव्हती, जिभेला तेवढी चव होती. नानाने पुडीतला खडा त्याच्या तोंडात घातला. दादाने तोंड वाकडं केलं आणि थुंकला.

"येड्या, ही तुरटी आहे."

शेठच्या दोन सारख्या पुड्या. नाना सकाळी गालावर खडीसाखर घासत बसला होता. माश्यांना ते आमच्या आधी कळलं होतं.

दादा हसता हसता खोकला. मग म्हणाला, "घास. माझ्यासमोर घास." नानाने त्याच पुडीतला दुसरा खडा घेऊन उजव्या गालावर दाबला. डोळ्यांतून पाणी आलं.

"झोंबली," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही.

"मग उचल वळकटी. ज्याला झोंबतं त्याने इथं राहायचं नाही, गोविंदा."

नानाने आधी त्याची दाढी केली, सावकाश. मग लोणी लावलं, पार जिरेपर्यंत. वळकटी मात्र उचलली नाही. "थंडीत लागेल तुला," एवढंच म्हणाला.

परतीच्या होडीत मी म्हटलं, "सुटलात, नाना."

"हो," तो म्हणाला. "मी सुटलो."

झोपड्या दिसेनाशा होईपर्यंत तो तिकडेच तोंड करून बसला. डाव्या गालाला साखर तशीच होती. हाताखाली अख्खी तापी वाहत होती, पण त्याने तोंड धुतलं नाही, की एक माशी उडवली नाही.